विसाचे पंधरा झाले तेव्हा: एफएमटीचा अभ्यासक्रम दुरुस्त करताना

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि एमबीबीएसच्या वर्गांत पहिली धावपळ उडाली ती कलमांच्या नंबरांची. जुन्या भारतीय दंड संहितेतल्या ३०२ चं (खून) १०३ झालं, ३७५ चं (बलात्कार) ६३ झालं, ३०४-अ चं (हलगर्जीपणाने मृत्यू) १०६. हे पाठ करायला आठवडा पुरतो. एफएमटी म्हणजे न्यायवैद्यकशास्त्र आणि विषशास्त्र (फॉरेन्सिक मेडिसिन अँड टॉक्सिकॉलॉजी) शिकवणाऱ्यांची खरी डोकेदुखी एका आकड्याने केली. जबर दुखापतीच्या व्याख्येत आठ पोटकलमं आहेत. पहिली सात जुन्यासारखीच आहेत: डोळा, कान, सांधा, चेहऱ्याची विद्रूपता, हाड किंवा दात मोडणं वगैरे. आठव्यात जुन्या कलम ३२० प्रमाणे जखमी माणूस वीस दिवस तीव्र वेदनेत असावा किंवा नेहमीचे व्यवहार करू न शकणारा असावा, असं होतं. नव्या कलम ११६ मध्ये तिथे पंधरा दिवस आले.

कलमाचा नंबर चुकला तर विद्यार्थ्याचा एखादा मार्क जातो. पंधराच्या जागी वीस राहिले तर सतरा दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या सर्टिफिकेटवर 'साधी दुखापत' लिहिलं जातं. साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत शिक्षा, जबर दुखापतीला सात वर्षांपर्यंत. म्हणून या एका आकड्याला धरून सगळा विषय तपासायचा असं ठरलं. त्या कामात काय काय निघालं आणि कुठे अडलं, ते लिहितो आहोत. दुसऱ्या कुठल्या विभागात कायदा नाही बदलणार, औषधयोजना बदलेल किंवा राष्ट्रीय कार्यक्रम बदलेल. काम करण्याची रीत हीच लागेल.

सुरुवात शोधाशोधीने. 'वीस दिवस' कॉलेजात कुठे कुठे लिहिलेलं आहे? स्लाइडवर, हे सगळ्यांना सुचतं. पण स्लाइडची एकच प्रत कधीच नसते. प्रोफेसरांची वेगळी, असिस्टंट प्रोफेसरांची वेगळी, ट्यूटरच्या पेनड्राइव्हवर तीन वर्षांपूर्वीची तिसरी. मग प्रॅक्टिकल जर्नल. ते छापील असतं, वर्षाच्या सुरुवातीलाच अख्ख्या बॅचच्या प्रती येऊन पडलेल्या असतात. मग म्युझियममधला तक्ता: हार्डबोर्डवर ऑइलपेंटने रंगवलेली आठ पोटकलमं, वर काच. मग प्रश्नसंच आणि त्याची मॉडेल उत्तरं. मग इंटर्नना पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी मिळणारं चार पानी टिपण. आणि शेवटी कॅज्युअल्टीमधला दुखापत प्रमाणपत्राचा नमुना, ज्यात फेरतपासणीची तारीख 'एकविसाव्या दिवशी' अशी छापलेलीच होती. या शेवटच्या जागेकडे अभ्यासक्रम म्हणून कुणी पाहत नाही. इंटर्न शिकतो मात्र तिथेच.

स्लाइडसाठी उपाय सोपा: विभागाचं एकच फोल्डर, फाइलच्या नावात महिना आणि वर्ष, जुनी फाइल 'बाद' नावाच्या फोल्डरमध्ये. खोडून टाकू नका, कारण जुना कायदा अजून शिकवायचाच आहे, त्याबद्दल पुढे. जर्नलवर दुरुस्तीची चिठ्ठी छापून चिकटवली. चिठ्ठी वेगळी वाटली तर ती हरवते, म्हणून जर्नल सह्यांसाठी जमा झाल्यावर ट्यूटरने स्वतः चिकटवायची. तक्ता पेंटरकडे गेला. सगळ्यात उशिरा तोच परत आला.

नंबरांचं कोष्टक बनवताना एक चूक सगळीकडे होते. बाजारात आणि मोबाइलवर फिरणाऱ्या कोष्टकांत दोन रकाने असतात, जुनं कलम आणि नवं कलम. आम्ही तिसरा रकाना जोडला: अर्थ बदलला का? बहुतेक ओळींत 'नाही' येतं. जिथे 'हो' येतं तेवढंच शिकवायला वेळ द्यायचा. मृत्युपूर्व जबाब जुन्या पुराव्याच्या कायद्यातल्या कलम ३२ मधून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २६ मध्ये गेला, तज्ज्ञांचं मत ४५ मधून ३९ मध्ये गेलं. आमच्या दृष्टीने फक्त पत्ता बदलला. पोलिसांच्या मरणोत्तर चौकशीचं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १७४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९४ आहे. पण लैंगिक अत्याचाराच्या पीडितेच्या तपासणीचं १६४-अ जाऊन १८४ आलं, त्यात अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याला द्यायचं बंधन आलं. पूर्वी 'विलंब न लावता' एवढंच होतं. हलगर्जीपणाने मृत्यूच्या १०६ मध्ये सर्वसाधारण शिक्षा दोनाची पाच वर्षांपर्यंत गेली आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून वैद्यकीय प्रक्रियेत घडलं तर ती दोन वर्षांपर्यंतच ठेवली. आत्महत्येच्या प्रयत्नाचं ३०९ तसं उरलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा २२६ मध्ये आहे. ही ओळ शिकवताना २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सोबत घेतला नाही तर विद्यार्थी अर्धवट समजून जातो.

कोष्टक विभागातल्या दोघांनी स्वतंत्रपणे भरायचं आणि मग जुळवायचं. एकाने भरून दुसऱ्याने तपासलं की दुसरा फक्त मान डोलावतो. आणि मूळ राजपत्रातला मजकूर समोर ठेवूनच भरायचं; गाइडवरून गाइड करताना पोटकलमांचे आकडे घसरतात.

आता जुन्या कायद्याचं काय? ३० जून २०२४ च्या रात्री झालेल्या मारामारीला दंड संहिताच लागते, खटला पुढे कितीही वर्षं चालो. आज तिसऱ्या वर्षात असलेला मुलगा डॉक्टर होऊन साक्षीला उभा राहील तेव्हा त्याच्यापुढे दोन्ही प्रकारची प्रकरणं येतील. म्हणून विभागात एक नियम केला: तारीख नसलेला प्रश्न विचारायचा नाही. 'जबर दुखापतीची व्याख्या लिहा' हा प्रश्न बाद. घटनेची तारीख दिलेली असलीच पाहिजे. हा एवढासा नियम पाळायला जड जातो, कारण प्रश्नसंचातले निम्मे प्रश्न एका ओळीचे असतात आणि ती एक ओळच तीस वर्षं चालत आलेली असते.

जे नवं येतं ते बसवायचं कुठे, हा पुढचा वाद. २०१९ च्या नियमावलीत एफएमटीला दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागात ७५, असे १२५ तास होते. त्यात लेक्चरचे तास ४०, छोट्या गटांचे ७५ आणि स्वयंअध्ययनाचे १०. क्षमता, म्हणजे विद्यार्थ्याला यायलाच हव्यात अशा गोष्टी, १६२. भागाकार केला तर एका क्षमतेला पाऊण तासाच्या आसपास, त्यातच शवविच्छेदनं पण पाहायची. क्षमतांच्या याद्या लिहिणाऱ्यांना 'वर्णन करा आणि चर्चा करा' हे शब्द फार आवडतात. घड्याळ आवडत नाही. तेव्हा हिशेब असा ठेवला की एक तास आत आला तर एक तास बाहेर गेला पाहिजे, आणि कोणता गेला ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलं गेलं पाहिजे. लिहिलं नाही तर तो तास पुढच्या वर्षी गुपचूप परत येतो.

बाहेर काढायला माल भरपूर असतो, फक्त काढायला कुणी धजावत नाही. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारं मुंबईचं कॉरोनर न्यायालय १९९९ मध्ये बंद झालं, तरी नोट्समध्ये कॉरोनर आणि मॅजिस्ट्रेट यांच्यातल्या फरकाचा तक्ता सापडतो. व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केलं. त्यावरचा मजकूर काही स्लाइडवर तसाच होता. शवविच्छेदन फक्त दिवसाउजेडी, ही तर एफएमटीची जणू बाराखडी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सोयी असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतरही परवानगी दिली, खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले मृतदेह आणि घातपाताचा संशय हे प्रकार वगळून. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, 'रात्री पीएम (पोस्टमॉर्टेम) करता येतं का' असं विचारलं की अजूनही वर्गाचं एकमुखी उत्तर 'नाही सर'.

लैंगिक अत्याचाराच्या तपासणीचं प्रकरण याहून वाईट, कारण तिथे जुनं ज्ञान नुसतं कालबाह्य नाही, ते इजा करतं. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन बोटांच्या चाचणीला थारा नव्हता. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 'कौमार्याची लक्षणं' हा भाग २०१९ मध्ये वगळायचं ठरवलं, त्यामागे सेवाग्रामच्या न्यायवैद्यक विभागातून झालेला पाठपुरावा होता. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर वैद्यकीय महाविद्यालयांचे अभ्यासक्रमच तपासायला सांगितले. एवढं होऊनही तपासणीच्या फॉर्मचे जुने पॅड स्टोअरमध्ये गठ्ठ्यांनी पडलेले असतात. नवा फॉर्म संपला की शिपाई जुना गठ्ठा सोडतो. म्हणून ठराव 'नवा फॉर्म वापरावा' असा न करता 'जुने पॅड मोजून परत घ्यावेत व नष्ट करावेत' असा करायचा, खाली स्टोअरकीपरची सही घ्यायची.

वरून येणारी कागदपत्रंही डोळे झाकून घेता येत नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींबद्दलचा अपमानास्पद मजकूर टाळायला सांगितलं. मग ३१ ऑगस्ट २०२४ च्या क्षमताधारित अभ्यासक्रमाच्या मार्गदर्शिकेत एफएमटीत समलैंगिकता पुन्हा 'अनैसर्गिक गुन्ह्यां'त येऊन बसली. टीका झाली, ५ सप्टेंबरला मार्गदर्शिका मागे घेतली गेली, १२ सप्टेंबरला सुधारून पुन्हा आली. या बारा दिवसांत ज्या विभागांनी तत्परतेने पहिली पीडीएफ छापून वाटली त्यांना ती परत गोळा करत बसावं लागलं. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे: नवं परिपत्रक आलं की पंधरा दिवस त्याचा फक्त मसुदा करायचा, छपाईला द्यायचं नाही. अपवाद रुग्णाच्या उपचाराला किंवा हक्काला थेट हात घालणाऱ्या बदलाचा. तो त्याच दिवशी.

विषशास्त्राची दुरुस्ती वेगळ्या वाटेने करावी लागली, कारण तिथे कुणी परिपत्रक काढत नाही. तिथे कॅज्युअल्टीचं एमएलसी (पोलिसांकडे जाणाऱ्या मेडिको-लीगल केसेसचं) रजिस्टर घेऊन बसायचं. मागचे सलग बारा महिने, कारण विदर्भ-मराठवाड्यात जुलै ते ऑक्टोबरचं चित्र आणि उन्हाळ्याचं चित्र यांचा एकमेकांशी संबंध नसतो. विषबाधेच्या प्रत्येक नोंदीपुढे विषाचा प्रकार लिहायचा आणि शेजारी टाइमटेबलमधले तास मांडायचे. धोतरा, गुंज, सोमल यांना भरघोस तास आणि फवारणीची औषधं, धान्यातल्या गोळ्या, उंदीर मारायची पेस्ट, हेअर डाय यांना उरलेसुरले, असंच चित्र निघतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा विष प्यायलेला रुग्ण शिकलेल्या डॉक्टरांसमोर विष श्वासातून आणि कातडीतून घेतलेला रुग्ण आला होता. त्याला नळी घालून पोट धुण्यात अर्थ नसतो. आधी कपडे उतरवायचे आणि साबणाने अंग धुवायचं असतं. हे डेमोच्या तासात बादली-मगसकट दाखवलं तरच लक्षात राहतं.

रजिस्टर मोजताना दोन अडचणी येतात. एक, 'अज्ञात विष' ही नोंद फार असते. ती वगळू नका, कारण तिचं प्रमाण हाच शिकवण्याचा मुद्दा आहे: नातेवाइकांना डबा किंवा पाकीट घेऊन यायला सांगणं इंटर्नला सुचत नाही. दुसरी, उंदराच्या पेस्टच्या पिवळ्या फॉस्फरसचे रुग्ण. पहिल्या दिवशी थोडी उलटी-मळमळ, मग दोन-तीन दिवस माणूस चांगला दिसतो, घरी जातो आणि मग यकृत निकामी होऊन परततो. रजिस्टरमध्ये तो एकच माणूस दोन वेगळ्या माणसांच्या दोन नोंदी म्हणून दिसतो. नाव आणि वय जुळवून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. पुस्तकापेक्षा आपलं रजिस्टर पुढे असू शकतं, याचं उदाहरण महाराष्ट्राला नवं नाही. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावसकरांनी वापरून दाखवलं, ते पुस्तकात नंतर आलं.

कागदोपत्री वाट अशी: विभागाची बैठक, मग कॉलेजची अभ्यासक्रम समिती, सोबत वैद्यकीय शिक्षण कक्षाचा शेरा. तास कोणत्या वाराला, कोणत्या पद्धतीने, कोणत्या विषयाला जोडून शिकवायचे, अंतर्गत परीक्षेत काय विचारायचं, जर्नल आणि लॉगबुक कसं असावं, हे कॉलेजच्या हातात आहे. विद्यापीठाच्या पेपरचा आराखडा आणि अधिकृत अभ्यासक्रम हातात नाही. त्यासाठी अभ्यास मंडळाकडे लिहायचं आणि वाट पाहायची. समितीपुढे जाताना पानभर प्रस्तावना नको. चार ओळी हव्यात: काय बदललं, कशामुळे, किती तास, कोणते तास कमी केले. चौथी ओळ नसेल तर इतर विषयांचे लोक आपले तास जातील या भीतीने प्रस्ताव लटकवतात, आणि त्यात त्यांची चूकही नसते.

परीक्षेत उतरल्याशिवाय मात्र विद्यार्थी काहीच मनावर घेत नाहीत. म्हणून ओएसपीईचं (टेबलाटेबलावर ठरावीक वेळात होणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेचं) एक स्टेशन मुद्दाम विसा-पंधरासाठी बांधलं. पाच मिनिटं, पाच मार्क. टेबलावर एक कागद: चौतीस वर्षांचा शेतमजूर, डाव्या मांडीवर सात सेंटिमीटर लांबीची, स्नायूपर्यंत खोल इन्साइज्ड वूंड (कापल्याची जखम), हाड शाबूत, टाके घातले, सहाव्या दिवशी टाक्यांत पू. घटना १२ ऑगस्ट २०२४, कामावर परत २९ ऑगस्ट. दुखापत साधी की जबर, कारणासह लिहा. एक मार्क घटनेच्या तारखेवरून कायदा ओळखल्याचा, एक दिवस बरोबर मोजल्याचा, एक योग्य पोटकलमाचा, एक निष्कर्षाचा, एक हत्याराच्या प्रकाराचा. दुसऱ्या अर्ध्या बॅचला तोच कागद, फक्त ऑगस्टच्या जागी जून. जखम तीच, दिवस तेच सतरा, पण पहिल्या कागदावर उत्तर जबर आणि दुसऱ्यावर साधी. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही बॅचची मुलं उत्तरं ताडून भांडतात तेव्हा जे शिकणं होतं ते लेक्चरला होत नाही. स्टेशन मात्र फुटतं, म्हणून पुढच्या वेळी तारखा बदलायच्या.

तिथे हमखास होणाऱ्या चुका तीन. मुलं दवाखान्यातले दिवस मोजतात. कायदा वेदनेचे किंवा कामधंदा न करता आल्याचे दिवस मोजतो, बेडवरचे नाही. दुसरी, टाके किती पडले यावरून जबर ठरवतात. तिसरी, सर्टिफिकेटवर कलमाचा नंबर लिहितात. दुखापतीचं स्वरूप आणि त्याची कारणं लिहायची. कलम लावणं पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम आहे. या तिसऱ्या मुद्द्यावर बाहेरून आलेल्या परीक्षकांशीही मतभेद होतात. म्हणून मॉडेल उत्तर आणि तपासणीची यादी त्यांना सकाळी चहाच्या वेळी, परीक्षा सुरू होण्याआधी दाखवायची. दुपारी वाद घालून मार्क बदलत नाहीत.

दुरुस्ती रुजली की नाही हे पाहायला सहा महिन्यांनी कॅज्युअल्टीतून मारामारीची वीस सलग प्रमाणपत्रं काढली. 'एकविसाव्या दिवशी' खोडून 'सोळाव्या दिवशी' झालं होतं, तारखाही बरोबर होत्या. ज्यांना पहिल्या दिवशी ठरवता येत नव्हतं तिथे 'मत राखीव' नीट लिहिलं होतं. फक्त फेरतपासणीचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा होता. रुग्ण आलाच नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की सोळाव्या दिवशी परत दाखवलं नाही तर मत तसंच राखीव पडून राहतं. आता इंटर्नच्या टिपणात मराठीत दोन ओळींची चिठ्ठी आहे, रुग्णाच्या हातात द्यायची: या तारखेला, या खोलीत, हा कागद घेऊन या. दुसरी प्रत एमएलसी घेऊन आलेल्या हवालदाराकडे. चिठ्ठी लिहायला लागणारं मिनिट टाइमटेबलमध्ये कुठे धरायचं, यावर पुढच्या बैठकीत पुन्हा वाद आहे.